गप्प राहिलेला गवंडी

संताजी गवंड्यानं बांधलेला हौद गळत नाही, असं पुण्यात चाळीस वर्षं म्हणत होते, आणि ते खरंच होतं. कसबा, शनिवार, बुधवार या पेठांत मिळून त्याच्या हातचे वीस-बावीस हौद होते. चुना किती दिवस भिजवायचा, त्यात हिरड्याचं नि गुळाचं पाणी किती घालायचं, चुन्याच्या घाण्यात किती फेरे द्यायचे, हे तो कुणाला सांगत नसे. सांगायचं तर बोलावं लागलं असतं. दिवसभरात त्याच्या तोंडून पंधरा शब्द निघाले, तर हाताखालची माणसं एकमेकांकडे बघत. लोक म्हणत, स्वभावच तसा आहे. पण स्वभाव नव्हता तो. लहानपणी वसईच्या वाडीत त्याच्या बडबडीनं आई कानांवर हात ठेवायची.

त्याचं खरं नाव सांतान. बाप पास्कू, तोही गवंडी. वाडीतली सगळी घरं ख्रिस्ती. मराठ्यांनी वसई घेतली तेव्हा सांतान नऊ वर्षांचा होता. पाद्री बरेचसे गोव्याकडे निघून गेले, उरले ते चार-चार गावांना एक. पुढच्याच पावसाळ्यात सांतानला धाकटा भाऊ झाला. पोर इतकं अशक्त होतं, की पाद्री खाडी ओलांडून येईपर्यंत जगेलसं दिसेना. बापानं करवंटीत पाणी घेतलं, पोराच्या डोक्यावर धरलं आणि बाप्तिस्म्याचे शब्द म्हटले. मग सांतानला जवळ बसवून ते शब्द त्याच्याकडून तीनदा घोकून घेतले.

"पाद्री नसला तर आपल्यातल्या कुणीही करायचं," बाप म्हणाला. "पाणी आणि शब्द, एवढं पुरे. पण पोराला तसंच जाऊ द्यायचं नाही. तसं गेलं तर देवाच्या दाराबाहेर राहतं."

भाऊ तिसऱ्या दिवशी गेला. आई रडली, पण आत गेला असं म्हणून रडली.

सांतान विशीला आला आणि बाप तापानं गेला. वसईत बांधकामं उरली नव्हती. तेव्हा कात्रजला सरकारनं तलावाचं काम काढलं होतं. तिथून जमिनीखालून दगडी नळ बांधत पुण्यापर्यंत पाणी न्यायचं होतं. गवंडी पाहिजेत ही खबर कल्याणच्या बाजारापर्यंत आली, आणि तिथंच सांतानला गेनबा मुकादम भेटला. गेनबा कात्रजच्या अलीकडच्या खेड्यातला. मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा, आणि कुणाला फारसं काही न विचारणारा. घाट चढताना दोघांनी एका फडक्यातली भाकरी खाल्ली. सहा दिवसांत गेनबाला हा पोरगा आपला वाटायला लागला.

कामावर पहिल्या दिवशी कारकून हजेरीचा कागद घेऊन बसला होता.

"नाव?"

"सांतान."

"संता? पुरतं नाव सांगायला जीभ झिजते का? संताजी?"

सांतान काही बोलला नाही. कारकुनानं लिहिलं.

"जात? हे पाणी ब्राह्मणांच्या घरी जायचंय, देवाच्या अभिषेकाला जायचंय. नळात वाटेल त्याला उतरवायचा नाहीये मला. फिरंगी बाटगे असाल तर पलीकडे खडी फोडायला जा."

सांतानच्या कुडत्याच्या आत, दोऱ्यात ओवलेला आईनं दिलेला क्रूस होता. त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात मागून गेनबाचा हात खांद्यावर पडला.

"मराठा हाय जी ह्यो. माझ्या वळखीचा हाय. लिवा."

गेनबा खोटं बोलत नव्हता, त्याला तसंच वाटत होतं. खोटं बोलला तो सांतान, आणि तेही उघडलेलं तोंड मिटून. नंतर सांगू, असं त्यानं मनाशी म्हटलं. आठ दिवसांनी त्यानं गळ्यातला क्रूस काढला आणि नळाच्या दोन दगडांच्या सांध्यात ठेवून वरून चुना भरला. 

काम चार वर्षं चाललं. गेनबाची बायको सोजरबाई त्याला "भावजी" म्हणून ताट वाढायची. गेनबाची बहीण तुळजा त्या घरात वाढली होती. चटपटीत, चुरचुरीत बोलणारी. संताजी अंगणात मुकाट जेवायला बसला, की ती आतून म्हणायची, "वयनी, त्या दगडाला आणि भाकरी पाहिजे का इचारा." त्याला ती आवडायची. गेनबानं एक दिवस सरळ विचारलं, तेव्हा नाही म्हणायला कारण हवं होतं, आणि खरं कारण एकच होतं. ते सांगितलं असतं, तर सोजरबाईनं त्याला वाढलेल्या प्रत्येक ताटाचा जाब त्या घराला जातीपुढे द्यावा लागला असता. तो पुन्हा गप्प राहिला. गेनबानं त्यातून होकार घेतला.

लग्नानंतर दोघं कसब्यात राहायला आली. शहरात पाणी आलं तसे वाड्यावाड्यांतून हौद निघाले आणि संताजीच्या हाताला उसंत राहिली नाही. शुक्रवारी तो मटणाला शिवत नसे. वसईच्या ख्रिस्ती घरांत शुक्रवारी मटण नसे, म्हणून. तुळजाला वाटलं, देवीचा शुक्रवार पाळतोय. तिनं आळीभर कौतुकानं सांगितलं, "आमच्या घरात न सांगता देवीचा वार पाळत्यात." बायका त्याच्याकडे आदरानं बघायला लागल्या. त्या आदरानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिच्याबरोबर तो कसबा गणपतीला जायचा, हात जोडायचा, आणि जोडल्या हातांनी मनात दुसऱ्यालाच हाक मारायचा. बाहेर पडताना वाटायचं, आपण देवळातल्यालाही फसवलं आणि मनातल्यालाही.

पहिली दोन बाळं तुळजाच्या पोटात टिकली नाहीत. तिनं नवस केले, उपास केले, कुणी सांगेल त्या देवळाच्या पायऱ्या झिजवल्या. पानपताच्या दुसऱ्या वर्षी, माघात, तिला मुलगी झाली. सात दिवस पोर छान दूध प्यायली. आठव्या दिवशी तिनं दूध सोडलं, अंग तापलं, जबडा आवळायला लागला. सुईण अंगारा आणायला गेली. तीन रात्री जागलेली तुळजा आतल्या खोलीत बसल्या जागी झोपून गेली होती. सोजरबाई बाळाला घेऊन ओसरीवर आली.

पुरुषानं बाळंतिणीच्या खोलीजवळ फिरकायचं नसतं. पण वेळच तशी होती. सोजरबाईनं पोर संताजीच्या मांडीवर ठेवली, हातात पाण्याची वाटी दिली.

"व्हटावर थेंब थेंब सोडा भावजी. बापाच्या हातचं जाऊ द्या पोटात."

टळटळीत दुपार होती. संताजीनं वाटी धरली. बापाची करवंटी त्याला डोळ्यांपुढं दिसली. शब्द सगळे आठवत होते, एकही विसरला नव्हता. त्यानं बोटं बुडवली आणि हात पोरीच्या कपाळाकडे नेला.

"आवो, तोंडात सोडा की. डोस्क्यावर काय सोडताय? गारठंल ती," सोजरबाई म्हणाली.

त्यानं हात खाली घेतला. थेंब ओठांवर सोडले. सोजरबाई समोर उकिडवी बसून बघत होती. तिनं उठावं, एवढंच तो मागत होता. आणि ती उठली. शेगडीवर शेकायचं फडकं करपायला लागलं होतं, म्हणून ती आत गेली.

ओसरीवर तो एकटा होता. वीस आकडे मोजून होतील एवढा वेळ. मांडीवर पोर होती, हातात पाणी होतं, शब्द जिभेवर होते. त्यानं आतल्या पावलांचा कानोसा घेतला. शेजारच्या दाराकडे पाहिलं. कुणी बघितलं तर? कुणी ऐकलं तर? हे काय पुटपुटतोस, असं विचारलं तर? तो कानोसाच घेत राहिला. सोजरबाई फडकं घेऊन परत आली आणि पोरीकडे बघून तिनं तोंडावर पदर धरला.

मुठेच्या काठी त्यानं स्वतः खड्डा खणला. माणसं म्हणाली, बाप किती धीराचा, डोळ्याला पाणी नाही.

त्यानंतर मूल झालं नाही. तुळजाची जीभ तशीच चुरचुरीत राहिली, पण मधूनच, धान्य निवडताना नाहीतर अंगण सारवताना, ती म्हणायची, "माझाच कुठला तरी नवस फेडायचा राह्यला आसंल. त्याबिगर का न्यायची?" आणि राहिलेला नवस आठवत बसायची. एकदा तर एवढ्याच शंकेपायी चालत जेजुरीला जाऊन आली. संताजी ऐकायचा. तुझं काही चुकलं नाही, एवढं जरी बोलला असता, तरी पुढचा प्रश्न आला असता. म्हणून तेही बोलला नाही.

वर्षं गेली. गेनबा गेला, मागोमाग सोजरबाई गेली. गेनबाचा मुलगा संभाजी संताजीच्या हाताखाली गवंडी झाला, बापासारखाच मोठ्या आवाजाचा. आत्याच्या नवऱ्याला तो मामा म्हणायचा आणि बापाच्या जागी मानायचा. संताजीनं साठी ओलांडली.

तेव्हा तोफखान्यातले ख्रिस्ती गोलंदाज नागझरीच्या पलीकडे वस्ती करून होते. त्यांना तिथं प्रार्थनेपुरती जागा मिळाली, गोव्याहून एक पाद्री आला, आणि मातीच्या भिंतींचं, गवती छपराचं छोटं देऊळ उभं राहिलं. पावसाचं पाणी साठवायला त्यांना हौद हवा होता. पेद्रू नावाचा एक म्हातारा गोलंदाज कसब्यात चौकशी करत आला. दोन गवंड्यांनी तोंड फिरवलं. संताजी म्हणाला, "येतो."

"मामा, तिथं कशाला?" संभाजीनं विचारलं.

"काम हाय," संताजी म्हणाला.

आठ दिवस तो देवळाच्या भिंतीला पाठ करून काम करत राहिला. आत प्रार्थना चाले, ती ऐकू येई. बेचाळीस वर्षांत ते सूर त्याच्या कानावर पडले नव्हते, तरी पुढची ओळ त्याच्या ओठांवर आधी यायची. तो ओठ दाबून धरायचा.

नवव्या दिवशी सकाळी एका गोलंदाजाचं तान्हं पोर बाप्तिस्म्याला आणलं. दार उघडंच होतं. पाद्रीनं पाणी ओतलं, पोर किंचाळलं, माणसं हसली. किती पटकन झालं ते. वीस आकडेसुद्धा लागले नाहीत. संताजीच्या हातातली थापी चुन्यात पडली आणि तो हौदाच्या तळाशी बसला, तो बसलाच. पेद्रूला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं. त्यानं पाद्रीला बोलावलं.

पाद्री विसेंत तरुणच होता, पुण्याच्या थंडीनं खोकणारा. तो हौदाच्या काठाशी वाकून म्हणाला, "आजोबा, पाणी देऊ?"

"मला कबुली द्यायची आहे," संताजी म्हणाला. ते त्यानं वसईच्या बोलीत म्हटलं. ती बोली अजून तोंडात आहे, हे त्यालाच ठाऊक नव्हतं.

सगळं सांगायला बराच वेळ लागला. शेवटी त्यानं ते वीस आकडे सांगितले. एकांत मिळाला होता, हे त्यानं आजवर स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. नेहमी तो मनाशी म्हणे, बायका होत्या, जमलं नाही.

पाद्री हौदाच्या काठावर खाली बसला. मग म्हणाला, "तुझ्या पापाची क्षमा मी देवाच्या नावानं देतो. पोरीचं काय झालं ते मी सांगू शकत नाही. आम्हाला जे शिकवलंय ते तुला ठाऊक आहे, आणि देव माझ्यापेक्षा दयाळू आहे, हे मला ठाऊक आहे. यापुढे मला सांगता येत नाही." तो खोकला. "पण तुझी बायको सदतीस वर्षं ज्याच्याबरोबर राहतेय, तो माणूस कोण, हे तिला माहीत नाही. तिला खरं सांग. तेच तुझं प्रायश्चित्त."

"तिच्या घराची जात जाईल."

"ते तू तेव्हाच बघायला हवं होतंस," पाद्री म्हणाला, आणि लगेच त्याला आपल्या बोलण्याची लाज वाटलेली दिसली. पण शब्द मागे घेतला नाही.

तीन दिवस संताजीनं टाळलं. चौथ्या दिवशी सकाळी तुळजा ओसरीवर जोंधळे पाखडत होती. तो समोर बसला.

"मी किरिस्ताव आहे," तो म्हणाला. "वसईचा. माझं नाव सांतान."

ती हसली. "उनात बसून काम करू नका म्हनलं व्हतं."

मग तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि सूप खाली ठेवलं. तो बोलत गेला. कारकून, गेनबाचा खांद्यावरचा हात, देवीचा म्हणून खपलेला शुक्रवार. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. जातीची, बाटल्याची, अन्नाची ती काहीतरी बोलेल, ओरडेल, याची त्यानं वाट पाहिली. ती बोलेना. म्हणून तो पुढं गेला आणि पोरीचं सांगितलं. करवंटी, पाणी, शब्द. सोजरबाई आत गेली होती तेही.

"थांबा," ती म्हणाली. "पुन्यांदा सांगा. तुमच्यात असं हाय, की ते पाणी घातलं की पोर देवाच्या घरात जातं?"

"हो."

"आन न्हाय घातलं तर?"

"तर दाराबाहेर."

"आन तुमास्नी ते येत व्हतं."

"हो."

"पाणी हातात व्हतं."

त्यानं मान खाली घातली.

"मी कुठं कुठं गेले," ती हलक्या आवाजात म्हणाली. "कोन म्हनलं पिराला जा, तर पिराला गेले. मी इचारलं न्हाय त्यो कुनाचा द्येव. पोरीसाठी मी कुनाच्याबी पाया पडले आस्ते. तुमच्या द्येवाच्याबी पडले आस्ते. आन तुमच्यापाशी एक व्हतं, ते तुमी मुठीत धरून बसला. कुनी बघंल म्हनून."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. तीस वर्षं त्याला भीती होती ती जातीची, लोकांची, हाकलून दिलं जाण्याची. या बोलण्याची भीती त्याला कधी वाटली नव्हती, कारण ते त्याला कधी सुचलंच नव्हतं.

"तीस वरीस मी माझा नवस हुडकतीया," ती म्हणाली. "आन तुमी समोर बसून भाकरी खात व्हता."

थोड्या वेळानं तिनं सूप उचललं. "वैशाखात संभाजीच्या धाकटीचं लगीन हाय. त्याच्या आत तोंड उघडलं तर पोरीचं मोडंल. इतकी वर्सं गप ऱ्हायला, आता दोन म्हयनं माझ्यासाठी ऱ्हावा. म्होरचं मी बघीन."

ते दोन महिने त्याला चाळीस वर्षांपेक्षा जड गेले. तुळजा त्याचं ताट ओसरीवर ठेवायची आणि स्वतः आत जेवायची. पाहुण्यांपुढं बोलायची, हसायची, ते गेले की घर सुनसान. आजवर दोघांचं बोलणं ती एकटी बोलायची. आता घरात दोघंही गप्प. लग्नात ती पुढं होऊन मिरवली, आणि मुलगी सासरी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी संभाजीच्या घरी जाऊन तिनं सगळं सांगून टाकलं.

"का सांगितलंस?" संताजीनं विचारलं. "मी गेलो असतो कुठं तरी. कुणाला कळलं नसतं."

"तुमास्नी जमतं," ती म्हणाली. "मला न्हाय जमत."

संभाजी आला तो दारातच उभा राहिला. त्याचा तो मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "मामा, माझा बा गेला तवा त्याला खांदा दिलात तुमी," एवढंच म्हणाला, आणि ते दूषण होतं की आठवण, हे संताजीला कळलं नाही. तो त्याच्या पाया पडायला वाकला, तर संभाजी मागं सरला.

जातीचा वडीलधारा दत्तोबा यानं पंचांना बसवलं. मुलीच्या सासरकडची माणसं चवताळून आली होती. दत्तोबा तसा वाईट माणूस नव्हता. चुकून घडलं, जाणून घडलं नाही, असं धरून त्यानं संभाजीच्या घराला शुद्धी सांगितली आणि जातीला जेवण सांगितलं. तुळजाला वेगळं प्रायश्चित्त होतं, कारण ती त्याच्याबरोबर राहिली होती. नदीवर स्नान, पंचगव्य, आणि पुन्हा त्याच्या घरात पाऊल नाही.

संताजीनं ते लांबून, घाटाच्या वरच्या पायरीवरून पाहिलं. साठीकडे झुकलेली त्याची बायको ओल्या लुगड्यानं काठावर बसली होती. भटजी सांगत होते तसं हातात घेऊन पीत होती, आणि घशाशी येत होतं तरी गिळत होती. ती त्याच्यापासून शुद्ध होत होती. पाद्रीनं त्याला जे प्रायश्चित्त दिलं होतं, ते करायला त्याला एक सकाळ पुरली होती. फेडत होती ती.

बाहेर पडल्यावर कुणी बाईनं विचारलं, आता कुंकू पुसायचं की ठेवायचं? तुळजा म्हणाली, "मेला न्हाय अजून."

शहरात चार दिवस चर्चा झाली. शनिवारातल्या आप्पासाहेबांच्या वाड्यात संताजीचा हौद होता. तो फोडावा का, असं त्यांच्या कारभाऱ्यानं विचारलं. आप्पासाहेब म्हणाले, "तीस वर्षं प्यायलेलं पाणी हौद फोडून पोटातून परत येणार आहे का? गोमूत्र टाका, उपसा आणि भरा. गळत असता तर केव्हाच फोडला असता." बाकीच्यांनीही तेच केलं. कात्रजच्या नळाचं नाव कुणी काढलं नाही. ते काढणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

संताजी नागझरीपलीकडे राहायला गेला. पेद्रूनं त्याला देवळामागं एक खोपट दिलं. तिथं सगळे त्याला सांतान म्हणायचे. कितीदा हाक मारली तरी तो वळायचा नाही, कुणी तरी हाताला धरून वळवावं लागायचं. रविवारी तो सगळ्यांत मागं, दाराशी बसायचा. आता मोठ्यानं प्रार्थना म्हणायला कुणाची हरकत नव्हती. पण आवाज निघायचा नाही. पाद्री म्हणायचा, "क्षमा झाली आहे, आजोबा. ती घ्यायला शिका." तो मान हलवायचा. देवाची क्षमा त्याला समजत होती. त्याचं कोडं निराळं होतं. जिनं क्षमा करायची ती फार लांबही नव्हती, पाव कोसावर संभाजीच्या परसात भांडी घासत होती.

पुढल्या मार्गशीर्षात एका दुपारी पेद्रू सांगत आला, "बाहेर एक बाई बसलीय. आत येत नाही."

वस्तीच्या कुंपणाबाहेर, चिंचेखाली तुळजा बसली होती. कपाळावर कुंकू होतं. वाळली होती. तो चार हातांवर उभा राहिला, जवळ जायचं की नाही ते कळेना.

"बसा," ती म्हणाली. "शिवू नका, एवढंच. मला परत ते सगळं करायला लावू नका."

तो जमिनीवर बसला. बराच वेळ ती वस्तीतली कोंबडी-पोरं बघत राहिली. संभाजीचं काम बरं चाललंय, धाकटीला दिवस गेलेत, असं काही बाही बोलली. सासरच्यांनी ठेवून घेतलं धाकटीला, हे त्याला पहिल्यांदाच कळलं. मग म्हणाली, "ते शबुद काय व्हते?"

"कसले?"

"पोरीला म्हनायचे व्हते ते."

त्यानं इकडं तिकडं पाहिलं नाही. "बापाच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुझा बाप्तिस्मा करतो."

ती पुढचं ऐकायला थांबली. मग तिनं विचारलं, "एवढंच?"

"एवढंच."

ती उठली. गुडघे दुखत होते, झाडाला धरून उठली. संताजीनं सवयीनं हात पुढं केला आणि मागं घेतला. दोन पावलं गेल्यावर ती वळली. "माफ करायला आले न्हाय मी. तसं समजू नका. ऐकायचं व्हतं, म्हनून आले."

"बरं," तो म्हणाला.

ती नागझरीच्या दिशेनं चालू लागली. उतारावर तिचं डोकं दिसेनासं होईपर्यंत तो तिथंच बसून राहिला. आत पाद्रीनं सायंकाळच्या प्रार्थनेला सुरुवात केली होती. पेद्रूनं हाक मारली, "सांतान!" या वेळी तो पहिल्या हाकेला उठला. दाराशी, आपल्या जागेवर जाऊन बसला, आणि बाकीच्यांबरोबर, घोगऱ्या, अडखळत्या आवाजात म्हणू लागला.